आईच्या पोटात पाणी झालं : कॅन्सर म्हणाले, निघाला टीबी

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. आरोग्याचे धागे मी बरीच वर्षं नुसती वाचत आले आहे. आज लिहितेय, कारण आमच्यावर वेळ आली होती तेव्हा रात्र-रात्र जागून मी हेच शोधत होते की असं आणखी कुणाच्या घरी झालंय का. मराठीत फारसं काही हाती लागलं नाही.

आई विट्याला दादा-वहिनीकडे असते. वय ६२. मी पुण्यात. दिवाळीनंतर तिचं पोट फुगायला लागलं. गॅस असेल, अपचन असेल म्हणून ओवा, हिंगाचं पाणी सगळं करून झालं. वहिनीच्या लक्षात आलं की आईच्या हातापायाच्या काड्या झाल्यात आणि परकराची नाडी मात्र दिवसेंदिवस सैल बांधावी लागतेय. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, रात्री उशी घामाने ओली व्हायची. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या आतला पडदा जाड झालेला, ओमेंटमवर (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर) गाठी, उजव्या अंडाशयाजवळ गोळा. रक्तात सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरच्या शंकेत तपासतात ते प्रथिन) सहाशेच्या वर. ते ३५ पर्यंत नॉर्मल धरतात.

ज्यांनी रिपोर्ट पाहिले ते डॉक्टर दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "ओव्हरीचा कॅन्सर आहे, पोटभर पसरलाय. आता घरी न्या, सेवा करा." चित्र तसंच दिसत होतं, हे मला नंतर कळलं, आणि तशी शंका घेणं मी चूक म्हणणार नाही. पण पोटातला तुकडा काढून न तपासता "सेवा करा" असं सांगणं अजिबात बरोबर नव्हतं. हे मी रागाने लिहीत नाही, नीट विचार करून लिहितेय.

दादाचा एक मित्र लॅबमध्ये काम करतो. तो एकच वाक्य बोलला: "बायोप्सीशिवाय कॅन्सर म्हणायचं नाही." त्या वाक्यावर आम्ही आईला पुण्यात आणलं. इथल्या सर्जन मॅडमनी फाइल उघडायच्या आधी आईलाच विचारलं, "संध्याकाळी ताप येतो का? माहेरी कुणाला टीबी झाला होता का?" मग दुर्बिणीतून पोट तपासलं आणि पडद्याचे तुकडे घेतले. बाहेर येऊन म्हणाल्या, "आत सगळीकडे साबुदाण्यासारखे पांढरे दाणे आहेत. मला टीबी वाटतोय, पण कॅन्सरही असा दिसू शकतो. रिपोर्ट येईपर्यंत मी काही कबूल करणार नाही."

रिपोर्टची वाट बघायचे ते दिवस. आईला आम्ही कॅन्सर हा शब्द सांगितला नव्हता. पण ती मराठी चौथी शिकलेली बाई आहे, दारावरची पाटी तिने वाचली होती. काही बोलली नाही. वहिनीला समोर बसवून कुरडयांचं प्रमाण लिहून घ्यायला लावलं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चीक रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, आधणात मीठ-हिंग घालून एका हाताने चीक सोडायचा नि दुसऱ्याने हाटत राहायचं. वहिनी खाली मान घालून लिहीत होती. आपण का लिहितोय, हे दोघींनाही माहीत होतं.

रिपोर्ट आला. ग्रॅन्युलोमा, केसिएशन, लँगहान्स जायंट सेल्स, म्हणजे टीबीत दिसतात तशा खुणा. मॅलिग्नन्सी आढळली नाही. मॅडम म्हणाल्या, "टीबी आहे. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. बऱ्या होतील." दादा हॉस्पिटलच्या जिन्यातच खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मी मावशीला फोन लावला, तर तोंडातून शब्द फुटेना. तिला वाटलं आई गेली. तिकडे ती रडतेय, इकडे मी रडतेय, शेवटी वहिनीने फोन हातातून घेतला आणि सांगितलं.

आता खरी अडचण. आम्ही धावत जाऊन आईला सांगितलं की कॅन्सर नाही, नुसता टीबी आहे, तर तिचा चेहरा पडला. कॅन्सरचं तिने मनाशी मान्य केलं होतं. टीबी ऐकून ती हादरली. तिच्या लहानपणी तिच्या सख्ख्या काकाला मिरजेला, वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये ठेवलं होतं. परत आल्यावरही त्याचं ताट-तांब्या वेगळं, निजायला पडवीत. त्या घरात मुलगी द्यायला लोक तयार नव्हते. आमच्यासाठी हा शब्द सुटका होता. तिच्यासाठी तो त्या पडवीतला शब्द आहे.

गोळ्या सुरू होऊन महिना झाला. ताप गेला, पोट उतरतंय, दोन घास जास्त जाताहेत. पण आईने आपलं ताट-वाटी वेगळं केलंय. चार वर्षांच्या नातवाला जवळ येऊ देत नाही. शेजारी "अल्सर" सांगायचं, अशी ताकीद आहे. तिची समजूत कशी घालायची? आणि कुणाच्या घरी असं काही झालं असेल तर जरूर लिहा.

रानजाई

वाचता वाचता डोळे भरून आले. आईंना माझा नमस्कार सांगा. कुरडयांचा परिच्छेद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला.

संत्रानगरी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नागपुरात. हा घोळ आम्ही पुन्हा पुन्हा बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सीए-१२५ फक्त कॅन्सरमध्येच वाढतं, हा समज घराघरात पोचलाय. पोटाच्या आतला पडदा, फुफ्फुसाचं आवरण, अशा अस्तरांना कशानेही चीड आली की ते वाढतं. पोटाचा टीबी, एंडोमेट्रिओसिस, लिव्हर खराब होऊन झालेलं पाणी, अगदी गरोदरपणातसुद्धा. पोटात पाणी, जाड पडदा, ओमेंटमवर गाठी, वाढलेलं सीए-१२५, उतरलेलं वजन ही सगळी लक्षणं दोन्ही आजारांत सारखी असतात. पेट स्कॅनही इथे फारसा उपयोगी पडत नाही. त्यात जास्त साखर खेचणाऱ्या पेशी चमकतात, आणि टीबीची जोरात चाललेली सूजही तशीच साखर खेचते.

पोटातलं पाणी काढून तपासलं आणि टीबीचे जंतू दिसले नाहीत, म्हणजे टीबी नाही असं होत नाही. पोटाच्या टीबीत पाण्यात जंतू फार कमी असतात. जंतूंची जनुकं शोधणारी सीबीनॅट तपासणीही बऱ्याचदा निगेटिव्ह येते. पाण्यातलं एडीए नावाचं एन्झाइम जास्त असेल तर टीबीची शंका बळावते, पण शेवटचा शब्द तुकड्याचा.

आता एक गोष्ट, जी नातेवाइकांनी आधीच विचारून ठेवावी. तुकडा नेहमी फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे त्यातून कल्चर होत नाही, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघता येत नाहीत. टीबीची जरा जरी शंका असेल तरी एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवायला हवा. तो कल्चरला आणि सीबीनॅटला जातो, आणि औषधं लागू पडणारा टीबी आहे की नाही हे त्यातूनच कळतं. बिचाऱ्या नातेवाइकाच्या हातात बाटली देऊन लॅबला पिटाळतात. त्या वेळी "दुसरा तुकडा सलाइनमध्ये ठेवलाय का?" एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

कोयनाकाठ

डॉक्टर, मॅडमनी दोन बाटल्या दिल्या होत्या! एक दादाने धरली होती, एक मी. का ते आज कळलं. मनापासून आभार.

मिलवॉकीकर

आमचं वेगळं, पण त्याच वाटेवरचं. बाबा कोल्हापूरला. कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ. स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटल्यावर पुढे काय वाढून ठेवलंय हे मला माहीत होतं. इथे अमेरिकेत बसून मी फोनवर शांत आवाजात बोलायचो आणि फोन ठेवला की गाडीत जाऊन बसायचो. मोठ्या ऑपरेशनची तारीख ठरत होती. तेवढ्यात एका पोटाच्या डॉक्टरांना खटकलं की स्वादुपिंड एका जागी नाही, सगळंच फुगलंय. त्यांनी रक्तातलं आयजीजी-४ हे प्रथिन तपासायला सांगितलं, ते बरंच जास्त निघालं. एंडोस्कोपीतून सुईने तुकडा घेतला. ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटलेली. स्टेरॉइड सुरू केल्यावर कावीळ उतरली, पुढच्या स्कॅनमध्ये गाठ दिसेना.

सुटका झाली म्हणताना लोक समजतात की त्या दिवसापासून सगळं पूर्वीसारखं होतं. माझं नाही झालं. त्यानंतर कितीतरी दिवस मला कशाचाच आनंद होत नव्हता, उलट छातीत धडधड व्हायची. बाबा फोनवर क्रिकेटबद्दल बोलायचे आणि मी त्यांच्या आवाजात थकवा शोधत असायचो. अजूनही रविवारी फोन उचलायला उशीर झाला की पोटात गोळा येतो. कोयनाकाठ, तुम्हालाही असं होत असेल तर घाबरू नका, आणि बोला कुणाशी तरी. मी समुपदेशकाकडे गेलो, फायदा झाला.

कोयनाकाठ

हो, होतंय. मला वाटलं होतं मीच कृतघ्न आहे. देवाने एवढं दिलं, तरी झोप का लागत नाही, म्हणून स्वतःवर चिडत होते. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

मांजराकाठ

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातला. वडील ६६, शेतकरी, बिडी-तंबाखूचं व्यसन कधीच नाही. खोकला जाईना, छातीच्या एक्स-रेत डाग आला म्हणून एका डॉक्टरांनी थुंकी निगेटिव्ह असूनही टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिने होत आले, वजन उतरतंच आहे. आता मानेला गाठ आलीय. दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी केला, ते म्हणतात कॅन्सरची शंका आहे, गाठीचा तुकडा काढू. घरी काका, आत्या सगळे म्हणतात, सुई लावली की पसरतो, लोखंड लावू नका. हा धागा वाचून आमच्याकडे सगळ्यांना धीर आलाय. काका म्हणतात बघ, तिकडेही कॅन्सर सांगितला नि टीबी निघाला, आपलाही टीबीच असणार, त्याच गोळ्या चालू ठेवू. तुम्हा सगळ्यांना काय वाटतं?

संत्रानगरी

दादा, कृपा करून तुकडा उद्याच काढून घ्या. कोयनाकाठ यांच्या आईंचा टीबी तुकड्यानेच सापडला. तुमच्याकडे टीबी कुठेच सिद्ध झालेला नाही. एक्स-रेवरचा डाग टीबी समजून महिनोन्‌महिने एकेटी (टीबीची औषधं) द्यायची आणि नंतर तो फुफ्फुसाचा कॅन्सर निघायचा, हेही आपल्या देशात भरपूर होतं, आणि त्यात मोलाचे महिने जातात. टीबीच्या गोळ्या लागू पडत असत्या तर इतक्या दिवसांत वजन थोडं तरी सावरलं असतं. क्वचित टीबीतही उपचार चालू असताना गाठ वाढते, तो औषधांना दाद न देणारा टीबीही असू शकतो, म्हणून तर अंदाजावर काहीच चालवायचं नाही.

सुई लावल्याने कॅन्सर भडकतो, ही भीती मी रोज ऐकते. मानेच्या गाठीच्या बायोप्सीने आजार पसरत नाही. लोकांना तसं वाटतं, कारण बायोप्सी होईपर्यंत आजार पुढे गेलेला असतो आणि मग दोष सुईवर येतो. मानेची गाठ वर हाताला लागते, तिथून तुकडा काढणं छातीतून काढण्यापेक्षा कितीतरी सोपं. आणि हो, सलाइनची दुसरी बाटली विसरू नका.

शमी

मी दोन दिवस ठरवत होते की इथे लिहावं की नाही. माझ्या आईलाही पोटात पाणी, सीए-१२५ वाढलेलं, अगदी सगळं असंच. मीसुद्धा टीबी निघावा म्हणून सिद्धिविनायकाला बोलले होते. आमचा रिपोर्ट बदलला नाही. आईला जाऊन आता दोन वर्षं होतील.

कोयनाकाठ, मला तुमच्याबद्दल मनापासून आनंद झालाय, हे आधी सांगते. पण आमचा रिपोर्ट वेळेवर झाला म्हणून आईला केमो मिळाली, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरची जी वर्षं आम्हाला मिळाली त्यात ती माझ्या लेकीच्या बारशाला होती. तपासणी आपल्या मनासारखं उत्तर मिळावं म्हणून करायची नसते. मांजराकाठ, काकांना हेही वाचून दाखवा.

कोयनाकाठ

शमीताई, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. आईंच्या स्मृतीला नमस्कार.

मांजराकाठ, माझा धागा वाचून तुमच्याकडे बायोप्सी टळली तर माझा जीव राहणार नाही. आमच्या हातात आज जे आहे ते त्या तुकड्यामुळे आहे. काकांशी मी फोनवर बोलायला तयार आहे, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते.

गोदातीर

मी टीबी कार्यक्रमात पर्यवेक्षक आहे, नाशिक जिल्ह्यात. कोयनाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

पोटाचा टीबी ताट-वाटीने, कपड्यांनी, शेजारी निजल्याने पसरत नाही. फुफ्फुसाचा टीबीसुद्धा खोकल्यावाटे हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. आईंचा छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल आणि खोकला नसेल तर नातवाला मांडीवर घ्यायला काहीही हरकत नाही. हे मुलांनी सांगून आईला पटत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी बाहेरचा माणूस लागतो. सरकारी केंद्रात विचारा, टीबीतून बरे झालेले स्वयंसेवक असतात, त्यांना आम्ही टीबी चॅम्पियन म्हणतो. तिच्याच वयाची, तिच्याच बोलीत बोलणारी बाई मिळाली तर फार उत्तम.

दुसरं, आणि हे मी कळकळीने सांगतो. कॅन्सर नाही या आनंदात टीबीला "नुसता" म्हणू नका. दोन महिन्यांनी माणसाला बरं वाटायला लागतं, भूक लागते, आणि गोळी राहायला लागते. पहिले दोन महिने चार औषधं, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. नंतरचे चार महिने पायराझिनामाइड सोडून बाकीची तीन. मध्येच सोडलं तर आजार उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. लघवी नारिंगी होईल, ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरायचं नाही. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या व्हायला लागल्या, किंवा नजर अंधुक होऊन लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुगर आणि एचआयव्ही तपासणी झाली नसेल तर करून घ्या, ती सगळ्याच रुग्णांची करतात.

खाजगीत उपचार चालू असले तरी निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी पोर्टलवर, नोंद झालीय का बघा. गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून खात्यावर पैसे जमा होतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. डाळ, अंडी, शेंगदाणे यांना त्याचा हातभार लागतो.

अबोली_पर्वरी

गोव्याहून लिहितेय. आमच्या सासूबाईंना मणक्याचा टीबी झाला होता, आधी तोही मणक्यात उतरलेला कॅन्सर समजले होते. त्यांना आम्ही शेजाऱ्यांना सांगायचं की नाही हे त्यांच्यावरच सोडलं. घरात ताट एक, बाहेर काय सांगायचं ते त्यांनी ठरवायचं. एक बाजू सोडली म्हणून दुसरी त्यांनी ऐकली. सगळंच एकदम पटवायला जाऊ नका, असं सुचवते.

कोयनाकाठ (दीड महिन्यानंतर)

गोदातीर, तुम्ही सांगितलंत तसं दादाने आरोग्य केंद्रात विचारलं. खानापूरकडच्या एक बाई आल्या, स्वतः फुफ्फुसाच्या टीबीतून उठलेल्या. आईच्या कॉटवर बसल्या, आईच्या हातचा चहा घेतला, बशीत ओतून प्यायल्या. आपल्याला सासरी कसं वागवलं ते सगळं सांगितलं, आणि आईने काकांबद्दल सांगितलं, जे आम्हा मुलांनाही कधी पूर्ण सांगितलं नव्हतं. दोघी मनसोक्त रडल्या. त्या संध्याकाळपासून ताट एक झालं. शेजारी अजून अल्सरच आहे, आणि अबोली म्हणतात तसं आम्ही ते तिच्यावर सोडलंय. पोटातलं पाणी गेलंय. सीए-१२५ नॉर्मलमध्ये आलंय. गोळ्या चालू आहेत, वहिनी कॅलेंडरवर खूण करते.

मांजराकाठ, तुमचं काय झालं? काळजी लागून राहिलीय.

मांजराकाठ

माफ करा, लिहायला जमलं नाही. ताई, तुम्ही काकांशी बोललात त्यानंतर त्यांनीच गाडी काढली आणि आम्ही बायोप्सीला गेलो. कॅन्सर निघाला. फुफ्फुसाचा, मानेच्या गाठीतही आलाय. टीबीच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. वडिलांना मी स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "नाव तर कळलं. आता ज्याचं औषध त्यालाच लागेल." ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड लॅबमधून मागून घेतल्यात. येत्या आठवड्यात परळला टाटा हॉस्पिटलला दाखवायचं ठरवलंय. मुंबईत आमचं कुणी नाही.

संत्रानगरी

वडिलांना नमस्कार. ब्लॉक सोबत घेतलात हे फार चांगलं केलंत. या कॅन्सरच्या काही प्रकारांत पेशींच्या जनुकांत ठराविक बदल सापडतो, आणि मग रोजची एक-दोन गोळी इतकाच उपचार बराच काळ चालतो. तंबाखू कधीच न घेतलेल्यांत तो सापडण्याची शक्यता जास्त असते. ती तपासणी त्याच ब्लॉकवर होते. तिथल्या डॉक्टरांना आठवणीने विचारा. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

शमी

मांजराकाठ, आम्ही परळला महिनोन्‌महिने जाऊन येऊन होतो, म्हणून सांगते. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. दोन्ही ठिकाणी बाहेरगावच्या पेशंटला अगदी कमी पैशांत ठेवून घेतात, पण हॉस्पिटलचे कागद बघतात आणि गर्दी असते. म्हणून फाइल निघाली की त्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन चिठ्ठीबद्दल विचारा. पहिल्या दोन रात्रींची सोय मी करते, डोंबिवलीला माझ्याकडे या. लातूर–मुंबई एक्स्प्रेस सकाळी लवकर पोचते, मी कल्याणला उतरवून घ्यायला येईन. परतीच्या तिकिटाला सवलतीचा दाखला हॉस्पिटलमधूनच मिळतो, पेशंटला आणि सोबतच्या एकाला. वडिलांना जेवणात काय चालतं ते मला निरोपात कळवा, तिखट किती खातात तेही.

मांजराकाठ

ताई, बुधवारी रात्री निघतो. सोबत काका येताहेत. निरोप पाठवलाय.